पारनेरचे शिष्यवृत्तिधारक : सेनापती बापट

शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन झाली आहे आणि निकाल मात्र अद्याप लागलेला नाही, असे काही महिने आमच्या शाळेत दरवर्षी येतात. या दिवसांत मुलांचे चित्त अभ्यासात लागत नाही आणि पालकांचे कामात लागत नाही. उत्तरसूची समोर ठेवून गुण मोजण्याचे काम घरोघर दहा दहा वेळा होते. आपल्या मुलाचा हिशेब संपला की शेजारच्या मुलाचाही मांडला जातो. जो निर्णय आपल्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती गेला, त्याची वाट पाहणे हे प्रत्यक्ष परीक्षेहूनही कठीण असते, असे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत.

अशा दिवसांत विद्यार्थ्यांनी कोणाचे चरित्र वाचावे, असा विचार करता फार दूर जाण्याचे कारण पडत नाही. ज्यांनी बालपणी नादारी मिळविली, तरुणपणी दोन नामांकित शिष्यवृत्त्या मिळविल्या, आणि त्यांपैकी शेवटची व सर्वांत मोठी हातची गमावलीही, असे एक थोर गृहस्थ या पारनेर गावीच जन्मास आले. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट. उभा महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट या नावाने ओळखतो. त्यांच्या देशसेवेविषयी मुलांना थोडेबहुत ठाऊक असते. त्यांच्या शिष्यवृत्त्यांची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

पांडुरंगाचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. वडिलांचे नाव महादेव व आईचे गंगाबाई. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. परंतु मुलगा वाढला तो घाटावरच्या या कोरड्या मुलखात. १८७६ ते १८७८ या सालांतील भयंकर दुष्काळाने दख्खनचे जिल्हे होरपळून निघाले होते, त्यास तेव्हा दोनच वर्षे लोटली होती. आज अहिल्यानगर हे नाव धारण करणारा तेव्हाचा अहमदनगर जिल्हा त्या आपत्तीत सापडला होता. पावसाचा भरवसा नाही, शेतीचा त्याहून नाही, अशा प्रदेशात शिक्षण ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. पुढे याच तालुक्यातून कितीतरी कुटुंबांनी पोटापाण्यासाठी मुंबई व पुण्याची वाट धरली. बुद्धिमान मुलाकरिता त्या काळी दुसरीही एक वाट होती, ती म्हणजे शाळेची. पण त्या वाटेवर पावलोपावली फी द्यावी लागे.

पांडुरंगाचे माध्यमिक शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. ही शाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी १८८० च्या जानेवारीत काढली होती. म्हणजे शाळा आणि हा विद्यार्थी एकाच वयाचे. वयाच्या बाराव्या वर्षी त्याला नादारी मिळाली. नादारी हा शब्द आजच्या मुलांच्या कानावरून गेलेला नसेल, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. ज्या मुलाच्या घरी फी भरण्याचे सामर्थ्य नसे, परंतु ज्याची बुद्धी व वर्तणूक चांगली असे, त्याला शाळा फीमाफी देत असे. नादार म्हणजे ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही तो. शब्द ऐकावयास कठोर आहे. वर्गातील इतर मुलांदेखत आपण नादार आहो हे मान्य करणे बारा वर्षांच्या मुलास सोपे जात नसावे. तथापि महाराष्ट्रातील कितीतरी विद्वान या दारातूनच विद्येच्या मंदिरात शिरले, आणि पांडुरंगही त्यांतलाच एक.

पुढे अहमदनगर येथून तो मॅट्रिकची परीक्षा उतरला. त्या काळच्या मॅट्रिकची आज कल्पना येणे कठीण आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबईचे विद्यापीठ हे सगळ्या मुंबई इलाख्यास मिळून एकच विद्यापीठ होते, आणि मॅट्रिकची परीक्षा तेच घेत असे. कराचीचा मुलगा, अहमदाबादचा मुलगा, धारवाडचा मुलगा आणि नगरचा मुलगा हे सर्व एकाच यादीत बसत. त्या यादीत संस्कृत विषयात चमकणाऱ्यांकरिता जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. मुंबईच्या शिक्षणकार्याचा पाया घालणाऱ्या या दानशूर शेटजींचे नाव त्या शिष्यवृत्तीमुळे खेडोपाडीच्या शाळांतही परिचयाचे झाले होते. ज्याला ही शिष्यवृत्ती मिळाली, त्याच्या शाळेच्या भिंतीवर त्याचे नाव रंगविले जाण्याचा तो काळ. पारनेरच्या पांडुरंग बापटास ती मिळाली. नादार मुलगा शंकरशेट शिष्यवृत्तिधारक झाला, आणि १९०० सालच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

डेक्कन कॉलेज हे सरकारी कॉलेज. तेथील विद्यार्थी शिकून सवरून सरकारी नोकरीत वर चढावयाचे, ही रूढ अपेक्षा. परंतु याच वर्षांत बापटांच्या मनास निराळे वळण लागले. चाफेकर बंधूंच्या मंडळींपैकी दामोदर बळवंत भिडे यांच्या सहवासात ते आले आणि तलवारीवर हात ठेवून त्यांनी देशाच्या स्वातंत्र्याकरिता झटण्याची शपथ घेतली. येथून त्यांच्या आयुष्यात दोन प्रवाह एकत्र वाहू लागले. एक प्रवाह परीक्षांचा, गुणांचा, शिष्यवृत्तीच्या अर्जांचा. दुसरा त्या शपथेचा. हे दोन प्रवाह कोठेतरी एकमेकांवर आदळणार, हे उघड होते.

१९०३ साली ते बी. ए. झाले. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांना पदवी परीक्षेत पहिला वर्ग मिळाला नाही, दुसरा मिळाला. शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी आणि दुसरा वर्ग, असे म्हणून हळहळणारे तेव्हाही कोणी ना कोणी असतीलच. पण त्या एका निकालाने त्यांची वाट बंद झाली नाही. मुंबई विद्यापीठाकडे आणखी एक मोठी देणगी होती. मुंबईचे धनाढ्य गृहस्थ सर मंगळदास नथुभाई, ज्यांच्या नावाचे मंगळदास मार्केट मुंबईत आजही गजबजलेले असते, त्यांनी हिंदी तरुणांनी विलायतेस जाऊन विद्या संपादावी या हेतूने विद्यापीठाच्या स्वाधीन रक्कम केली होती. शेटजी स्वतः १८९० सालीच निवर्तले होते. त्यांच्या देणगीचे पाणी मात्र पुढील पिढ्यांस मिळत राहिले. ही शिष्यवृत्ती बापटांना मिळाली, आणि १९०४ साली ते विलायतेस गेले.

पदवी १९०३ ची आणि प्रयाण १९०४ चे. मधला काळ आमच्या विद्यार्थ्यांनी मनात आणावा. विलायतेचे आगबोटीचे भाडे, तेथील राहण्याचा खर्च, कॉलेजची फी, यांतील एकही गोष्ट पारनेरच्या साध्या घरास परवडणारी नव्हती. बॅरिस्टर होण्यास जाणारे तरुण बहुधा सधन घरांतले असत. बाकीच्यांना दुसऱ्याच्या निर्णयाखेरीज समुद्र ओलांडता येत नसे. बापटांच्या अगोदर आठ वर्षे, १८९६ साली, कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेले होते आणि १८९९ साली तेथे सीनियर रँग्लर झाले होते. त्या यशाने महाराष्ट्रातील प्रत्येक हुशार मुलाच्या घरी आशा पेटविली होती. पण सरकारी शिष्यवृत्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि इच्छा करणारे असंख्य. ज्यांना त्या मिळाल्या त्यांची नावे आपण जाणतो. ज्यांनी वाट पाहिली व ज्यांना मिळाल्या नाहीत, त्यांची नावे कोणत्याच भिंतीवर रंगविलेली नाहीत. पण त्यांतलेही पुष्कळ जण चांगले शिक्षक, चांगले डॉक्टर, चांगले गृहस्थ झाले, हे विसरता कामा नये.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील हेरिएट-वॅट कॉलेजात बापट यंत्रशास्त्र शिकू लागले. हे कॉलेज पुढे १९६६ साली विद्यापीठ झाले. संस्कृतात बक्षीस मिळविलेला मनुष्य आता वाफेची यंत्रे व लोखंडाचे बळ यांचा अभ्यास करू लागला. त्याबरोबरच ते बंदुकीची नेमबाजीही शिकले. मनातील शपथ ते विसरले नव्हते.

त्याच सुमारास लंडनमध्ये पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी हिंदी विद्यार्थ्यांकरिता इंडिया हाऊस नावाचे वसतिगृह १९०५ साली उघडले होते, आणि स्वतःच्या पैशाने शिष्यवृत्त्याही ठेविल्या होत्या. या मंडळींशी बापटांचा संबंध आला. आणि एडिंबरो येथे त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर कडक टीका करणारे भाषण केले. ऐकणारे इंग्रज होते, राज्य इंग्रजांचे होते, आणि बोलणारा शिष्यवृत्तीवर शिकणारा हिंदी विद्यार्थी होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बापटांची शिष्यवृत्ती बंद करण्यात आली. घरापासून हजारो मैल दूर, अभ्यासक्रम अर्धवट, आणि खर्चास पैसा नाही, अशा स्थितीत ते येऊन ठेपले.

येथे आम्ही थोडे थांबतो. कारण या ठिकाणी वर्गात मुले नेहमी विचारतात की हा निर्णय न्यायाचा होता काय. आमचे उत्तर असे. देणगी एका हिंदी गृहस्थाची होती, आणि ती विद्येकरिता होती. यंत्रशास्त्र शिकणाऱ्याने आपल्या देशाच्या राज्यकारभाराविषयी काय बोलावे, याचा यंत्रशास्त्राशी काही संबंध नव्हता. बापट वर्गात नापास झाले म्हणून शिष्यवृत्ती गेली असती, तर ती गोष्ट निराळी. येथे बुद्धीचा किंवा श्रमाचा निवाडा झालाच नाही. निवाडा झाला तो जिभेचा. यास आम्ही न्याय म्हणत नाही. परंतु याची दुसरीही बाजू विद्यार्थ्यांनी पाहावी. पैशाला बहुधा दोरी बांधलेली असते. श्यामजी कृष्णवर्म्यांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांनाही अट होतीच. ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करावयाची नव्हती. सरकार एका बाजूने ओढी, देशभक्त दुसऱ्या बाजूने ओढीत. मदत घेणाऱ्या तरुणाने दोरी कोणत्या बाजूची आहे हे ओळखूनच ती हाती धरावी. बापट इतके अजाण खचित नव्हते की भाषणाचा परिणाम काय होईल हे त्यांस कळू नये. त्यांनी बोलावयाचे ठरविले आणि किंमत मोजली. बारा वर्षांच्या वयापासून एकेक पायरी चढून जे मिळविले होते, ते एका संध्याकाळच्या बोलण्यापायी गेले. यंत्रशास्त्राची पदवी त्यांना मिळाली नाही ती नाहीच.

पुढील भाग आम्ही मोकळेपणाने सांगतो. शिष्यवृत्ती गेल्यावर बापट इंडिया हाऊसमध्ये राहू लागले. विनायक दामोदर सावरकर १९०६ साली लंडनास आले होते. त्यांच्या मंडळींत बापट मिसळले. तेथून ते पॅरिसला गेले आणि बंगालचे हेमचंद्र दास आदी सहकाऱ्यांसह बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकले. १९०८ साली ते स्वदेशी परतले तेव्हा ही माहिती त्यांच्याबरोबर होती. हा मार्ग आम्ही विद्यार्थ्यांस अनुकरणीय म्हणून सांगत नाही. त्याच वर्षी बिहारात मुझफ्फरपूर येथे क्रांतिकारकांनी एका इंग्रज न्यायाधीशाकरिता टाकलेल्या बॉम्बने चुकून दोन निरपराध स्त्रिया मारल्या गेल्या. बॉम्ब न्यायाधीश कोण आणि वाटसरू कोण हे विचारीत नाही. बापटांचा त्याग मोठा होता, हे आम्ही मानतो. साधन मात्र त्या त्यागास शोभणारे नव्हते, असे आमचे नम्र मत आहे. अलीपूरच्या खटल्यात माफीचा साक्षीदार झालेल्या इसमाच्या जबानीत त्यांचे नाव निघाले, आणि बापटांना काही वर्षे अज्ञातवासात काढावी लागली. १९१२ साली इंदूर येथे ते पकडले गेले. पुरावा पुरेसा नसल्याने पुढे त्यांची सुटका झाली.

सुटका झाल्यावर ते पारनेरला परत आले. आता या गावाच्या दृष्टीने विचार करा. ज्या मुलाने शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, जो विलायतेस गेला, तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ विलायती पदवी नव्हती, नोकरी नव्हती, आणि त्याच्यावर सरकारचा डोळा होता. असल्या मनुष्यास पाहून गावातील शहाण्या लोकांनी काय म्हटले असेल, हे आम्ही सांगावयास नको. कारण तसली बोलणी आजही शिष्यवृत्ती हुकलेल्या मुलाच्या कानी पडतात. बापटांनी त्यास जे उत्तर दिले ते शब्दांनी दिले नाही. त्यांनी हाती झाडू घेतला. पहाटे उठून ते पारनेरचे रस्ते झाडू लागले, आणि जे काम समाजाने काही जातींच्या माथी मारून त्यांना अस्पृश्य ठरविले होते, ते काम आपले म्हणून करू लागले. १९१४ साली त्यांना मुलगा झाला. त्याच्या बारशाच्या दिवशी त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानलेल्या बांधवांची बसविली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एका तालुक्याच्या गावी, ब्राह्मण घरात ही गोष्ट घडली. तिला किती धैर्य लागले असेल, हे ज्यांनी गावातील पंगती पाहिल्या आहेत त्यांनाच कळेल.

आमच्या मते बापटांच्या चरित्राचे हे मर्मस्थान आहे. शिष्यवृत्ती मनुष्यास वर नेते, हे सर्वांस ठाऊक आहे. वर गेलेला मनुष्य खाली वाकू शकतो की नाही, हे मात्र शिष्यवृत्तीवरून कळत नाही. एडिंबरोच्या प्रयोगशाळेत काम केलेले हात पारनेरच्या गल्लीत झाडू धरताना कचरले नाहीत. त्या हातांची किंमत विद्यापीठाच्या कोणत्याही समितीने ठरविली नव्हती, म्हणून ती कोणत्याही समितीस कमीही करता आली नाही.

अंगी असलेली विद्या वाया गेली, असेही झाले नाही. १९१५ साली ते पुण्यास येऊन चित्रमयजगत् या मासिकात काम करू लागले, आणि पुढच्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या मराठा या इंग्रजी पत्रात. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रचंड कार्यासही त्यांचा हातभार लागला. अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र नसते. परंतु शिकलेले ज्ञान डोक्यातून कोणी काढून घेऊ शकत नाही. इंग्रजी, संस्कृत, शास्त्र व जगाचे राजकारण, यांतील जे जे त्यांनी शिष्यवृत्तीच्या बळावर मिळविले होते, ते शिष्यवृत्ती गेल्यावरही त्यांच्याजवळच राहिले आणि त्यावर त्यांनी संसार चालविला. १९२० साली पत्नीच्या निधनाने त्या संसारावर घाला पडला.

१९२१ साली पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. मुंबईस वीज पुरविण्याकरिता टाटा कंपनी मुळा नदीवर धरण बांधीत होती आणि त्याखाली मावळ्यांची गावे व भाताची शेते बुडणार होती. सरकारने कायद्याचे बळ कंपनीच्या पाठीशी उभे केले होते. शेतकऱ्यांच्या बाजूने जे उभे राहिले त्यांत बापट अग्रभागी होते, आणि या लढ्यातच लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली. जो मनुष्य यंत्रशास्त्र शिकण्यास समुद्रापार गेला होता, तोच आता यंत्रांच्या नावाखाली गरिबांची घरे बुडू नयेत म्हणून लढत होता. यंत्राचा द्वेष हे याचे कारण नव्हे. ज्यांच्या घरादारावरून पाणी जाणार, त्यांना कोणी विचारलेच नाही, हे कारण होते. बापटांना या लढ्यात पुनःपुन्हा तुरुंगवास घडला. अखेर १९२४ साली रेल्वे अडविण्याच्या कृत्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या कृत्यातही शस्त्रांचा उपयोग झाला होता, आणि त्याविषयी आमचे मत वर सांगितले तेच आहे. धरण शेवटी झालेच. परंतु विकासाकरिता ज्यांची जमीन जाते त्यांचे काय, हा प्रश्न या देशात प्रथम मोठ्याने विचारणाऱ्यांत मुळशीचे शेतकरी व त्यांचे सेनापती होते, असे इतिहासाचे अभ्यासक आज मानतात.

१९३१ साली सुटून आल्यावर ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुन्हा भाषणे, पुन्हा शिक्षा, आणि १९३७ साली पुन्हा सुटका. ज्या जिभेने एडिंबरो येथे शिष्यवृत्ती घालविली, ती जीभ शेवटपर्यंत कोणास आवरता आली नाही. अरविंद घोष यांच्या तत्त्वज्ञानाचा एक मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात स्वतंत्र भारताचा ध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, मुंबईत त्यांचा अंत झाला. १९७७ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईत व पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांस ठाऊक असेल की हा मनुष्य स्वतः रस्ते झाडीत असे?

आमचे काही विद्यार्थी म्हणतील की बापट असामान्य होते. आम्हास शपथ घ्यावयाची नाही व तुरुंगातही जावयाचे नाही. आम्हास फक्त शिकावयाचे आहे आणि घरी पैसा नाही. हे म्हणणे रास्त आहे. त्यांच्याकरिता दुसरे एक उदाहरण सांगतो. १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर हे बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची. आणि शिक्षण पुरे झाल्यावर बडोद्यात दहा वर्षे नोकरी करण्याची अट. अमेरिकेतून ते लंडनास गेले व तेथे पुढील अभ्यास सुरू केला, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. कोणीही खचून जावे असे ते दिवस होते. त्यांनी मुंबईत प्राध्यापकी केली, पै पै साठविली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली त्यांना तेथील डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. शिष्यवृत्ती थांबली तेथे आंबेडकरांचे शिक्षण थांबले नाही. त्याला तीन वर्षांचा उशीर झाला, इतकेच.

बापटांनी आपल्या वाणीमुळे शिष्यवृत्ती गमावली. आंबेडकरांची मुदत संपल्यामुळे गेली. एकाने अर्धवट राहिलेला अभ्यास मागे टाकला आणि दुसरे कार्य हाती घेतले. दुसऱ्याने त्याच अभ्यासाकडे परत जाऊन तो तडीस नेला. दोघांचे मार्ग वेगळे आहेत. पण दोघांनीही एक गोष्ट केली नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा निर्णय म्हणजे आपल्या योग्यतेचा निवाडा, असे दोघांपैकी कोणीही मानले नाही. शिष्यवृत्तीचा निर्णय एवढेच सांगतो की या वर्षी तुमच्या शिक्षणाचा खर्च कोण सोसणार. तुम्ही शिकावे की नाही, हे तो सांगत नाही. आणि तुम्ही कोण होणार, हे तर मुळीच सांगत नाही.

पालकांस आमची एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी मुलगा किंवा मुलगी तुमच्या तोंडाकडे पाहते, यादीकडे मागाहून पाहते. यादीत नाव नसेल तर त्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. नाव असेल तर त्या गुणांची दवंडीही पिटू नका; कारण शेजारच्या घरी त्याच वेळी एक मूल उशीत तोंड खुपसून पडलेले असते. आणि निकालाची वाट पाहण्याच्या महिन्यांत मुलांस रिकामे बसू देऊ नका. जी परीक्षा होऊन गेली तिच्याविषयी आता काही करता येत नाही. पुढच्या धड्याविषयी पुष्कळ करता येते.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आठवीच्या मुलांकरिता असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. ही रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते. यास्तव खाते आताच उघडून ठेवावे, आणि नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर व बँकेत एकच आहे याची खात्री करून घ्यावी. ही शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे चारही वर्षे आपोआप चालू राहते असे नाही; दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत भरावा लागतो. बापटांनी आपली शिष्यवृत्ती मोठ्या कारणापायी गमावली. एका न भरलेल्या अर्जापायी ती गमावणे मात्र कोणासही शोभणार नाही. ज्यांची निवड होणार नाही, त्यांनीही शाळेच्या कचेरीत यावे. इतर शिष्यवृत्त्या व फीसवलती कोणत्या आहेत, कागदपत्रे काय लागतात आणि मुदत केव्हा संपते, हे तेथे सांगितले जाईल. नादारीचा शब्द जुना झाला. तिची गरज अद्याप संपलेली नाही, आणि ती मागण्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. पारनेरच्या पांडुरंग बापटाने ती बाराव्या वर्षी घेतली होती.